पॉलिसीवर ‘शेंगेन’ लिहिलंय की ‘युरोप’?

प्रश्न: आम्ही दोघं साताऱ्याचे. मी ५९ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. यजमान ६६ वर्षांचे. त्यांना मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलाय. मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी करते. ऑगस्टअखेर तिच्याकडे जातोय, जर्मनीचा व्हिसा हातात आलाय. सप्टेंबरात ती आठवडाभराची रजा काढून आम्हाला मॉन्टेनेग्रो दाखवणार आहे. तिचा बेत असा: डुब्रोव्निकला उतरायचं, मग मोस्तार, कोटोर, बुडवा, दुर्मितोर आणि शेवटी अल्बेनियातलं तिराना. एजंट म्हणतो, व्हिसासाठी काढलेला विमा आहे ना, मग दुसरा कशाला? फॉर्मवर स्टेंटचं लिहू नका, उगाच प्रीमियम वाढतो, हेही त्यानेच सांगितलं. त्याचं ऐकावं का? एवढं फिरणं यजमानांना झेपेल का? आणि मुलीसाठी भाजणी, घरचं तूप आणि कंदी पेढे न्यायचेत, ते चालतात का? – एक वाचक, सातारा

ताई, नमस्कार.

एजंटाचं दोन्ही बाबतींत ऐकू नका. मुलीचं अर्धं ऐका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, आणि सप्टेंबर तर तिथे जायला अगदी योग्य महिना. जुलै-ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते, समुद्राचं पाणी अजून कोमट असतं आणि उन्हाची काहिली गेलेली असते. पाऊस तिकडे आपल्या उलट पडतो, नोव्हेंबर-डिसेंबरात जोर धरतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रातली निम्मी अडचण तिच्यातून आली आहे. मॉन्टेनेग्रोत व्यवहार युरोत चालतो, त्यामुळे हा देश युरोपीय संघातलाच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. २००६ साली सार्वमत घेऊन सर्बियापासून वेगळा झालेला हा देश आकाराने पुणे जिल्ह्यापेक्षाही थोडा लहान, वस्ती सव्वासहा लाखांच्या आसपास. युरो त्यांनी आपल्या मर्जीने स्वीकारला आहे. पण तो युरोपीय संघात नाही आणि शेंगेन क्षेत्रातही, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटातही नाही. शेजारचा क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. म्हणजे डुब्रोव्निकहून गाडी काढून दोनेक तासांवरच्या कोटोरला निघालात, की वाटेत तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि पासपोर्टवर तसा शिक्का किंवा संगणकात तशी नोंद होते.

आता कपाटातून पासपोर्ट काढा आणि व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या संख्येचा रकाना बघा. तिथे ‘०१’ असेल तर तुम्हाला शेंगेनमध्ये एकदाच शिरता येतं. जर्मनीत उतरलात की तो प्रवेश वापरला गेला. मॉन्टेनेग्रोला जाऊन श्टुटगार्टला परतता येणार नाही. सीमेवर अडवतील, आणि त्याआधी बहुधा विमान कंपनीच्या काउंटरवरच अडवतील. ‘०२’ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे अनेक प्रवेश) लिहिलं असेल तर चिंता नाही. मुलीकडे जर्मनीचं निवासपत्र असल्यामुळे हा रकाना तिच्या कधी डोक्यातच येत नसणार, म्हणून तुम्हीच बघा.

रकान्यात ‘०१’ निघालाच, तर काही जण सुचवतील की मॉन्टेनेग्रो अगदी शेवटी ठेवा आणि तिथूनच इस्तंबूलमार्गे मुंबईला या. दिसायला सोपं आहे. पण भारतीय पासपोर्टवर मॉन्टेनेग्रोत वेगळ्या व्हिसाशिवाय ३० दिवसांपर्यंत राहता येतं ते वैध शेंगेन व्हिसाच्या आधारावर. एकच प्रवेश असलेला आणि वापरून झालेला व्हिसा वैध धरायचा की नाही, हा वाद विमानतळावर, गोळ्यांची वेळ झालेली असताना घालायचा नाही. मॉन्टेनेग्रोच्या वकिलातीला ईमेल करा, लेखी उत्तर आलं तर त्याची प्रत जवळ ठेवा. नाही आलं तर यंदा क्रोएशियाचा किनारा बघा. तोही काही कमी देखणा नाही.

आता विमा. व्हिसासाठी जी पॉलिसी काढलीत तिचं पहिलं पान उघडा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक यांच्या खाली कुठेतरी भौगोलिक व्याप्तीची ओळ असते. एजंट मंडळी व्हिसाच्या कामासाठी बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त ‘शेंगेन’ प्लॅन काढून देतात. वकिलातीला हवी असते ती किमान ३०,००० युरोंची वैद्यकीय हमी, शेंगेन देशांत लागू असलेली, आणि तेवढं त्यात बरोबर बसतं. त्या ओळीत फक्त ‘शेंगेन’ असेल तर कोटोरमध्ये तुमच्याजवळ विमा नाही, असंच समजा. ‘युरोप’ असेल तर अटींच्या पुस्तिकेत युरोप म्हणजे कोणते देश ते वाचा. काही कंपन्या यादीच देतात. ‘जग, अमेरिका-कॅनडा वगळून’ असं असेल तर उत्तम. शंका आली तर कंपनीला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही मॉन्टेनेग्रोत असू, तिथे ही पॉलिसी लागू आहे का? फोनवर मिळालेलं ‘हो मॅडम, आहे’ दाव्याच्या वेळी उपयोगाचं नाही.

व्याप्ती पुरत नसेल तर प्रवास सुरू होण्याआधी पॉलिसीत बदल करून मिळतो का ते विचारा, नाहीतर संपूर्ण प्रवासाची नवी, मोठ्या व्याप्तीची पॉलिसी काढा. हे सगळं भारतातून निघण्यापूर्वी. एकदा विमानात बसलात की इथल्या बहुतेक कंपन्या नवी पॉलिसी देत नाहीत.

स्टेंटचं. तुमच्या एजंटाचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटला तो इथे. समजा, कोटोरमध्ये यजमानांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णालयात डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, आधी हृदयाचा काही त्रास? यजमान स्वतःच सांगणार की तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सांगायलाच हवं, नाहीतर उपचार चुकतील. डॉक्टर ते कागदावर लिहिणार. तोच कागद विमा कंपनीकडे जाणार. तुमच्या प्रपोजल फॉर्मवर मात्र ‘पूर्वीचा आजार नाही’ असं लिहिलेलं असणार. पुढे काय होतं ते सांगायला नको. एजंटाचं कमिशन तोवर जमा झालेलं असतं.

खरं लिहिलं की प्रीमियम वाढतो, हे खरं आहे. पण नुसतं लिहूनही भागत नाही; त्या आजारासाठी पॉलिसी काय देते ते बघावं लागतं. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत पूर्वीचा आजार सरळ वगळलेला असतो. काहींत जिवावर बेतलं तरच, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. काहींत जास्त प्रीमियम घेऊन ते संरक्षण वाढवता येतं. तुम्हाला तिसऱ्या प्रकारातली पॉलिसी हवी, किमानपक्षी दुसऱ्यातली, आणि तिची मर्यादा एकूण रकमेएवढी नसते हे लक्षात ठेवून. पॉलिसीच्या कपाळावर ‘१ लाख डॉलर’ असतं आणि आत पूर्वीच्या आजारासाठी त्याचा छोटासा हिस्सा असतो. साठीपुढच्या लोकांच्या पॉलिसीत खोलीचं भाडं, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया अशा एकेका खर्चावरही वेगळी मर्यादा घातलेली असते. मर्यादांचा हा तक्ता वाचायला मुलीला बसवा, तिचे डोळे तरुण आहेत. जिथे असे तुकडे पाडलेले नाहीत ती पॉलिसी थोडी महाग असली तरी घ्या. एकूण रक्कम तुमच्यासाठी मी १ लाख डॉलरच्या खाली घेणार नाही, कारण गंभीर आजारात खरा पैसा खातं ते रुग्णाला एका देशातून दुसऱ्या देशात हलवणं आणि डॉक्टर सोबत देऊन भारतात आणणं. हा खर्च त्यात आहे ना, ते नजरेखालून घाला.

सुरुवातीचा ठरावीक खर्च, म्हणजे बहुधा ५०-१०० डॉलर, आपल्यालाच करावा लागतो. त्यामुळे सर्दी-खोकल्याचं बिल घेऊन दावा करायला जाऊ नका.

दाव्याची एक शिस्त असते. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली की कंपनीच्या मदत केंद्राला लगेच, शक्य असेल तर दाखल होण्याआधीच फोन करायचा. तेच रुग्णालयाशी बोलून रोकडविरहित सोय करता येते का ते बघतात. आपल्याकडचे १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत, म्हणून +९१ किंवा दुसऱ्या देशाच्या कोडने सुरू होणारा नंबर तिघांच्याही फोनमध्ये घाला. आधी पैसे भरावे लागले तर डिस्चार्ज कार्ड, औषधाची चिठ्ठी, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती अशी चारही कागदं मूळ प्रतीत घ्या, आणि वैद्यकीय अहवाल इंग्रजीत मिळतो का तेही विचारा. बोर्डिंग पास फेकू नका. पासपोर्ट हरवला तर पोलिसांचा दाखला, बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधीच कंपनीच्या काउंटरवरचा लेखी अहवाल. ‘नंतर बघू’ म्हणून हॉटेलवर गेलात की बॅगेचा दावा संपला.

एवढं करूनही कंपनीने दावा फेटाळला, तर आधी त्यांच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही.

मुलीचं काय? तिचा जर्मनीतला आरोग्य विमा तुम्हा दोघांना लागू नाही. तिच्या स्वतःसाठीही तो मॉन्टेनेग्रोत किती चालतो ते तिने विचारून घ्यावं. जर्मनीतल्या सरकारी विम्यात रुग्णाला परत आणण्याचा खर्च नसतो. परदेश प्रवासासाठीचा वर्षभराचा आरोग्य विमा तिकडे फार महाग पडत नाही. आणि दुर्मितोरच्या डोंगरातल्या तारा नदीवर राफ्टिंग करायचं तिच्या मनात असेल (दुर्मितोरचं नाव घेतलंय म्हणजे असणारच), तर साहसी खेळ त्यात आहेत की वगळलेत ते वाचूनच बोटीत बसावं.

आता फिरण्याचं. डुब्रोव्निक, मोस्तार, कोटोर, बुडवा, दुर्मितोर, तिराना म्हणजे आठ दिवसांत चार देश. मोस्तार बोस्नियात येतं. जितक्या सीमा तितक्या रांगा. क्रोएशिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्यामधल्या देबेली ब्रियेग नाक्यावर हंगामात गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. शिवाय प्रत्येक देशासाठी विमा लागू आहे का हा प्रश्न पुन्हा, भाड्याच्या गाडीला सीमापार न्यायची परवानगी आहे का हाही पुन्हा. गोळ्यांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाने हे करू नये. तिराना आणि मोस्तार खोडा. डुब्रोव्निकही खोडा, जर्मनीहून थेट मॉन्टेनेग्रोतल्याच तिवात किंवा पोदगोरित्सा विमानतळावर उतरा. मुलगी हिरमुसेल, पण मधेच कुणाला दवाखाना गाठावा लागला तर जास्त हिरमुसेल.

पहिल्या चार रात्री कोटोरच्या आखातात काढा. कोटोरचं जुनं गाव तटबंदीच्या आत आहे, गाडी आत जात नाही, दगडी गल्ल्यांतून चाकांची बॅग खडखडत न्यावी लागते आणि रात्री उशिरापर्यंत संगीत चालू असतं. म्हणून राहायला आत जाऊ नका. शेजारी डोब्रोटा आहे, पाण्याला लागून. तिथून जुन्या गावापर्यंत सपाट चालत जाता येतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आत शिरा. मधल्या वेळात क्रूझ जहाजांतून उतरलेले लोक गल्ल्या भरून टाकतात. संत त्रिफोनचं कॅथेड्रल ११६६ सालचं आहे. १९७९ च्या एप्रिलमध्ये मोठा भूकंप झाला, गावाची पार पडझड झाली, आणि त्याच वर्षी युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. आज जे नीटनेटकं दिसतं त्यातलं पुष्कळसं त्यानंतर पुन्हा उभं केलेलं आहे.

गावामागच्या डोंगरावर किल्ला आहे, चढायला जवळपास १,३५० पायऱ्या. सज्जनगड चढतो की आम्ही, असं यजमान म्हणतील. म्हणू द्या. वर वाटेत सावली नाही, पायऱ्या झिजलेल्या आणि निसरड्या आहेत. वरून आखात बघायचंच असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेली केबल कार लोव्चेन डोंगरावर नेते, तिने जा. लोव्चेनच्याच माथ्यावर न्येगोश या त्यांच्या राजकवीची समाधी आहे, शिल्पकार इव्हान मेश्ट्रोविचच्या आराखड्यावर बांधलेली. तिलाही ४६१ पायऱ्या आहेत, तेव्हा तिथे तुम्ही आणि मुलगी जा, यजमानांना खाली कॉफी पाजा.

एक सकाळ पेरास्टला द्या. तिथून होडीने पाच-दहा मिनिटांत एका बेटावर जाता येतं. बेट माणसांनी केलेलं आहे. खलाशांना समुद्रातल्या खडकावर मेरीमातेची तसबीर सापडली अशी कथा आहे, आणि मग शतकानुशतकं दगड टाकून, जुनी जहाजं दगडांनी भरून बुडवून लोकांनी जमीन तयार केली. अजूनही २२ जुलैला होड्या दगड घेऊन जातात. चर्चच्या संग्रहालयात एक भरतकाम आहे. खलाशी नवऱ्याची वाट बघत एका बाईने ते २५ वर्षं केलं, त्यात स्वतःचे केस ओवले. देवदूतांच्या डोक्यांकडे जवळून बघा: सुरुवातीचे केस सोनेरी आहेत, पुढचे पांढरे. तुम्ही शिक्षिका, शिवणटिपण जाणत असाल, तर तिथे अर्धा तास सहज जाईल. बुडवा मात्र मी एका दुपारपुरतं ठेवीन. जुनं गाव छान आहे, भोवती नुसत्या इमारती.

कोटोरहून एक रात्र स्कादर सरोवराकाठी विर्पाझारला. बाल्कनमधलं हे सगळ्यात मोठं सरोवर. होडीतून कमळांच्या पानांमधून फिरवतात, चालणं शून्य. आणि मग दुर्मितोरऐवजी डोंगरातलंच कोलाशिन गाव, दोन रात्री. हा बदल मुलीला पटवावा लागेल, म्हणून कारण देते. दुर्मितोरचं झाब्ल्याक गाव साडेचौदाशे मीटरवर आहे, तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण देशातलं मुख्य रुग्णालय राजधानी पोदगोरित्सात, डोंगराळ रस्त्याने दोन-अडीच तासांवर. कोलाशिनहून पोदगोरित्सा, २०२२ मध्ये खुल्या झालेल्या नव्या महामार्गामुळे, तासाभरावर आलं आहे. स्टेंटवाल्या माणसाच्या सहलीत हा तास-दीड तासाचा फरक मोजायचा असतो.

आणि कोलाशिनला जायला गाडी आहे. बार ते बेलग्रेड ही १९७६ मध्ये पूर्ण झालेली रेल्वे विर्पाझारवरूनच जाते. पोदगोरित्सा सोडलं की बोगद्यांमागून बोगदे, आणि मधे माला रियेका नावाचा १९८ मीटर उंचीचा पूल. खिडकीत बसून देशाचा सगळ्यात भारी देखावा, तिकीट थोडक्या युरोंचं. वेळापत्रक आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा, गाड्या उशिरा येतात. कोलाशिनजवळ बिओग्राद्स्का गोराचं जुनं अरण्य आहे, त्यातल्या तळ्याभोवती साडेतीनेक किलोमीटरची सपाट वाट. यजमानांच्या रोजच्या फेरीएवढंच. शेवटची रात्र विमानतळाजवळ पोदगोरित्सात.

उरलेलं पटकन. पोहोचल्यापासून २४ तासांत राहण्याची नोंदणी व्हावी लागते; हॉटेल ती करतं, खासगी घरात राहिलात तर मालकाकडून करून घ्या आणि कागद जपा. मुलीच्या जर्मन सिमवरचं युरोपीय संघातलं मोफत रोमिंग तिथे गृहीत धरू नका, टपरीवर टुरिस्ट सिम मिळतं. आणीबाणीचा नंबर ११२, रुग्णवाहिका १२४. मॉन्टेनेग्रोचं काम व्हिएन्नातला भारतीय दूतावास बघतो, त्यांचा नंबर टिपा. पासपोर्ट हरवला तर तिथूनच सोडवणूक, त्यामुळे तो जपा. गोळ्या हातातल्या बॅगेत, आठवडाभर जास्तीच्या, औषधाच्या मूळ नावासह डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर. शेवटच्या ईसीजीची आणि अँजिओप्लास्टीच्या रिपोर्टची प्रतही.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही शाकाहारी असाल तर दोन शब्द शिका. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय. ‘पोस्नो’ म्हणजे त्यांच्या उपासाचं, दूध-अंडीही नसलेलं. पण त्यांच्या उपासाला मासे चालतात, तेव्हा तेवढं विचारा. घेवड्याची उसळ दिसली म्हणून लगेच मागवू नका, तिच्यात बहुधा धुरावलेलं मांस असतं. मक्याच्या पिठाचं काचामाक, चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक, पालकाच्या जातीची ब्लित्वा, यांवर आठ दिवस छान निघतात.

पेढे आणि तूप नेऊ नका. बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दुधाचे पदार्थ आणणं युरोपीय संघात बंद आहे, जर्मनीत उतरल्यावर बॅग उघडली तर टाकून देतील. भाजणी न्या, दोन किलो न्या. कोटोर आणि कोलाशिनला स्वयंपाकघर असलेली घरं घ्या, तवा असतो, कांदे मिळतात. थालीपिठावर लोणी तिथलंच घाला.